ऐंशी दिवसांची चिठ्ठी

कल्याणरावांनी भांड्यांवर नावं घालायच्या मशीनची सुई स्टीलच्या झाकणावर टेकवली, बटण दाबलं आणि एकेचाळिसावी रेघ ओढली. मशीन हातात थरथरलं, स्टीलचा बारीक चुरा उडाला. तो फुंकून टाकून त्यांनी झाकण दाराच्या उजेडाकडे धरलं. दहा-दहाच्या चार ओळी आणि खाली ही एकटी रेघ. आणखी एकोणचाळीस ओढायच्या होत्या. तेवढ्या आपल्याच्यानं ओढून होतात का, एवढाच प्रश्न होता.

मग त्यांनी पाय पुढे घेतला आणि सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला. काल तो भरून येईस्तोवर पाच आकडे मोजून झाले होते. आज नऊ मोजले तरी तो तसाच होता. त्यांनी धोतर खाली ओढून घेतलं.

धर्मापुरीच्या पेठेत कल्याणरावांचं भांड्याचं दुकान होतं. आसपासच्या दहा गावांत लग्नाच्या आहेराची भांडी त्यांच्याकडूनच जात आणि त्यांवर देणाऱ्याचं नावही तेच घालत. अक्षर असं, की घासून घासून भांडं झिजावं पण नाव जाऊ नये. अलीकडे आहेराची तऱ्हाच बदलली होती. लोक मिक्सर देत, भिंतीवरची घड्याळं देत, फायबरचे डिनर सेट देत. त्यांवर नाव घालता येत नाही, नुसता कागद चिकटवतात आणि तो आठ दिवसांत निघतो. त्यांचा मुलगा महांतेश पुढच्या दुकानात हाच माल विकत होता आणि बरा विकत होता. कल्याणराव मागच्या खोलीत होते. रिकाम्या खोक्यांच्या थप्प्या, एक खाट, एक माठ, आणि एक ताट, वाटी, तांब्या. घरातल्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून त्या तिन्हींवर त्यांनी आल्या दिवशीच आपलं नाव घातलं होतं. उभ्या आयुष्यात हजारो भांड्यांवर दुसऱ्यांची नावं घातली, स्वतःचं घालायची ही पहिलीच खेप.

दोन वर्षांपूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. सगळे म्हणाले, सुटलात. या दिवाळीनंतर कळलं, की रोग यकृतात उतरलाय. मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर यकृताचं चित्र काढून त्यात चार ठिपके दिले. आता कापायचं नाही, म्हणाले. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट यकृतापर्यंत न्यायची आणि तिच्यातून औषध सोडायचं. ते औषध गाठींत जाऊन बसतं आणि बसल्या जागेवरून किरण सोडतं, गाठी आतूनच जाळतं. गुण येईल का, यावर डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनी फोटो काढून बघू." औषधाचा जोर ओसरेपर्यंत किरण अंगाबाहेरही येतात. म्हणून आधी सात दिवस दवाखान्यातच एकट्यानं बंद खोलीत राहायचं, आणि घरी गेल्यावर एकवीस दिवस माणसांपासून दोन हात लांब. लेकरांनी आणि पोटुशा बाईनं तर जवळ फिरकायचंच नाही.

आणि घरात शिवांजली होती. त्यांची लेक, पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. मुंबईहून परतताना परळीपासून जीपच्या मागच्या सीटवर एकट्यानं बसून कल्याणरावांनी ठरवून टाकलं, की घरात पाऊल टाकायचं नाही, दुकानाच्या मागच्या खोलीतच राहायचं. जीप तिथंच थांबवली, तेव्हा त्यांची बायको नीलम्मा घरून धावत आली आणि रस्त्यातच भांडली.

"आपल्यात मेल्याचं सुतक न्हाई, बाळंतिणीचा इटाळ न्हाई. अन् जित्या माणसाला भाईर ठिवायचं?"

"सुतक न्हाई हे. किरण हायेत."

"दिसत तर न्हाईत कुठं."

"दिसत न्हाईत म्हनूनच."

तिचं खरंच होतं. लिंगायताच्या घरात सुतक आणि विटाळ धरत नाहीत. ज्याच्या अंगावर देव बांधलेला, तो माणूस बाटेल कसा, असं कल्याणरावांचे वडील म्हणायचे. पण पोटातल्या लेकराचा प्रश्न होता. नीलम्मानं वाट सोडली.

ते एकवीस दिवस संपूनही आता वीस दिवस झाले होते, आणि कल्याणराव अजून खोलीतच होते. डॉक्टरांनी आणखी दोन महिने सांगितलेत, असं त्यांनी घरात ठोकून दिलं होतं. महांतेश म्हणाला, "आप्पा, मी एसटीडीवरून फोन लावून इचारतो." त्यावर त्यांनी त्याला झापलं. खरी गोष्ट अशी होती की किरणांचं कारण केव्हाच संपलं होतं. दुसरं कारण त्यांच्या गळ्यात होतं.

आठव्या वर्षी वडिलांनी स्वामींच्या हातून त्यांच्या गळ्यात लिंग बांधवलं होतं. त्रेपन्न वर्षं ते अंगावेगळं झालं नव्हतं. रोज आंघोळ झाली की ते चांदीच्या डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, डोळे भरून बघायचं आणि मग पहिला घास घ्यायचा. एक दिवस आपल्याला जाळणार नाहीत, मातीत बसवून पुरतील, तेव्हा तेच डाव्या हातात ठेवतील. जगणं आणि मरणं या दोन्हींची सोय वडिलांनी एकदाच करून दिली होती. महांतेश लातूरला कॉलेजात असताना आंघोळीच्या वेळी लिंग खुंटीला अडकवतो, हे कानावर आलं तेव्हा कल्याणराव दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

मुंबईला बंद खोलीत जायच्या आधी सिस्टरनं बजावून सांगितलं, की अंगावर काही ठेवू नका. औषध घामातूनही बाहेर येतं, जे आत न्याल त्याला ते लागेल. महांतेशनं ओंजळ पुढे केली. कल्याणरावांनी गळ्यातली डबी दोऱ्यासकट काढून त्याच्या हातात दिली. डबी रिकामी होती. लिंग त्यांनी आधीच पडद्याआड जाऊन फडक्यात गुंडाळलं होतं आणि दवाखान्याच्या कपड्यांखाली कमरेला बांधलं होतं. दुसऱ्याच्या लिंगाची डबी कुणी उघडून बघत नाही. महांतेशनं ती कपाळाला लावली आणि वरच्या खिशात ठेवली. एवढ्या मोठ्या दवाखान्याला आपण बनवलं, याचं कल्याणरावांना तेव्हा हसूसुद्धा आलं होतं.

सात दिवसांनी सुट्टी द्यायच्या वेळी एक बाई किरण मोजायचं यंत्र घेऊन आली. डोक्यापासून फिरवत ती कमरेपाशी पोचली आणि यंत्र कडकडायला लागलं.

"काका, कमरेला काय बांधलंय?"

"देव हाय आमचा."

ती रागावली नाही. तिनं हातमोजे चढवले आणि दोन्ही हातांनी लिंग घेतलं. घामानं भिजलेलं फडकं वेगळं ठेवलं, लिंग ओल्या कापसानं पुसलं, पुन्हा पुसलं. यंत्र कडकडतच राहिलं. लिंगाच्या काळ्या लेपात औषध मुरलं होतं.

"काका, देवाला ऐंशी दिवस इथंच राहावं लागेल. शिशाच्या पेटीत. मग ते आपोआप निवतं. काही खराबी होणार नाही."

"अन् तवर मी न्हाई राहिलो तर?"

बाई बावरली. इतक्या लोकांना तिनं ऐंशी दिवस सांगितले असतील, हे कुणी विचारलं नसावं. "मुलगा येऊन नेईल ना," ती म्हणाली. तिनं एक नंबर आणि तारीख लिहून चिठ्ठी दिली. "ही तेवढी जपून ठेवा."

बाहेर महांतेशनं खिशातून डबी काढून दिली आणि कल्याणरावांनी ती मुकाट्यानं गळ्यात घातली. आधीच लिंग पोराच्या ओंजळीत दिलं असतं तर काही म्हणता काही झालं नसतं. अंगावेगळं करायचं नाही या हट्टापायीच ते अंगावेगळं झालं. हे आता सांगणार कुणाला? ज्याच्याशी दोन दिवस अबोला धरला त्या पोराला? नीलम्माला? तिनं अन्नपाणी सोडलं असतं. स्वामींना सांगावं, तर ते नवं लिंग बांधतील, आणि नवं बांधायचं म्हणजे जुन्याची आशा सोडायची. कल्याणरावांना नवं नको होतं. त्यांना आपलंच हवं होतं. घरी गेलं तर सकाळी नीलम्माशेजारी पूजेला बसावं लागलं असतं, आणि डबी उघडावी लागली असती. म्हणून ते खोलीत राहिले.

रोज सकाळी आंघोळ करून ते भिंतीकडे तोंड करून बसत, डावा हात उघडत आणि त्यावर ती चिठ्ठी ठेवत. कागदाला विभूती लावायची मात्र त्यांना लाज वाटे. थोडा वेळ नंबराकडे बघून ते उठत. त्यानंतरचा पहिला घास चोरून खाल्ल्यासारखा लागे. शिवरात्रीला केदारेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या माणसांचा आवाज दिवसभर येत होता, आणि ते दार लोटून पडून होते.

गेल्या सोमवारी स्वामी घरी आले होते. आठवा महिना लागला की पोटातल्या लेकराच्या नावानं आईच्या अंगावर आणखी एक लिंग बांधतात. लेकरू जन्मलं की ते त्याचं होतं. त्या लिंगासाठी कल्याणरावांनी चांदीची नवी डबी महांतेशबरोबर पाठवली होती. दुपारी खोलीच्या मागच्या दारातून त्यांना घराच्या गच्चीवर शिवांजली दिसली. तिनं गळ्यातल्या दोन्ही डब्या हातात धरून उंच करून त्यांना दाखवल्या. एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार? तरी त्यांनी हात वर केला. ती खाली गेल्यावरही बराच वेळ तो हात खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. आपल्या माणसांच्या घरापासून चार गल्ल्यांवर माणूस इतका एकटा पडू शकतो, हे त्यांना साठी उलटल्यावर समजत होतं.

मागच्या दाराची कडी वाजली. नीलम्मा डबा घेऊन आली होती. रोजचा तिचा एक क्रम होता. डबा पायरीवर ठेवायचा, कालची भांडी उचलायची, मागं सरून लिंबाच्या झाडाखाली जायचं आणि तिथं थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. बोलायचं काही नाही. मग निघून जायचं. ती किरणांना भ्यायला लागली, असं कल्याणरावांनी मनाशी धरलं होतं. दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं, पण रस्त्यात भांडलेली ती बाई त्यांना आठवायची आणि वाईट वाटायचं.

आज ती झाडाकडे गेली नाही. डबा घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि तिथंच बसली.

"लांब बस," कल्याणराव म्हणाले.

"एकवीस दिवस कवाच झाले."

"डाक्टरनं आनखी..."

"दवाखान्याचा कागद शिवांजलीनं वाचलाय. तुमी आल्याच्या दुसऱ्या दिवशी."

कल्याणरावांनी झाकण उगाच पालथं घातलं. तिनं हात लांब करून ते उचललं आणि रेघांवरून बोट फिरवलं.

"ह्या कशाच्या?"

नीलम्मानं झाकण खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

"डबी रिकामी हाय तुमची," ती म्हणाली.

कल्याणरावांचा हात छातीवर गेला. "कोन म्हन्लं?"

"कोन म्हनंल? चाळीस वर्सं भांड्याच्या दुकानात काढली मी. भरल्यालं कोनतं अन् रिकामं कोनतं, हे मला सांगाया लागतं व्हय? जीपमधून उतरताना तुमी वाकलात. डबी छातीवर आदळली न्हाई, नुसती हालली. तवाच कळलं मला."

"मंग इचारलं कावून न्हाईस?"

"तुमी सांगताल म्हनून रोज त्या झाडाखाली उभी ऱ्हायची की. आज सांगतील, उद्या सांगतील. आज म्हन्लं, ह्या माणसाच्यानं काय व्हायचं न्हाई."

कल्याणरावांना रडू आलं. एकेचाळीस दिवस त्यांनी ज्याला भय समजून मनाला लावून घेतलं होतं, ते झाडाखाली वाट बघणं होतं. त्यांनी तोंड फिरवलं, नाक शिंकरलं आणि मग सगळं सांगितलं. फडकं, कमर, कडकडणारं यंत्र, शिशाची पेटी. सांगताना सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. नीलम्माला वाचता येत नव्हतं. तिनं चिठ्ठी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली.

"ऐंशी दिवस झाले की महांतेश जाऊन आनील."

"अन् त्याच्या आधीच काय झालं म्हंजी?" त्यांनी धोतर वर करून घोट्यावर अंगठा दाबला. दोघं त्या खळग्याकडे बघत राहिली. तो भरून येईना. "मरायची फिकीर न्हाई मला. पर मातीत बसवताल तवा हातात काय ठिवताल? चिठ्ठी?"

पेठेत कुणीतरी स्टीलची घागर वाजवून बघत होतं. नीलम्मा उठून माठाकडे गेली. तांब्यात पाणी घेतलं, हात धुतले आणि खाली बसून पदराआडून आपली डबी काढली.

"शिवांजली दोन बांधून हिंडतीया," ती म्हणाली. "एक तिचं, एक पोटातल्याचं."

"ती पोटुशी हाय."

"म्हंजी एका अंगावर दोघांचं चालतं. मंग एकाचं दोघांला कावून चालू नये?"

"असं शास्त्र न्हाई."

"असंल. मी काय स्वामींला इचाराया जानार न्हाई."

तिनं डबी उघडली. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. रोज सकाळी ती दोघं शेजारी बसत आणि प्रत्येकजण आपापल्या तळहातावर बघे. तिचं लिंग त्यांनी कधी निरखून पाहिलं नव्हतं, दुसऱ्याचं पाहत नाहीत. ते त्यांच्या गळ्यातल्यापेक्षा लहान होतं, एका बाजूला लेपाचा टवका गेलेला होता.

"हात आना हिकडं," नीलम्मा म्हणाली.

"अगं..."

"डावा."

त्यांनी डावा हात पुढे केला. तिनं त्यावर लिंग ठेवलं नाही. लिंग आपल्याच डाव्या तळहातावर ठेवून तो हात तिनं त्यांच्या हातावर टेकवला. भांडी घासून खरखरीत झालेला तिचा हात गरम होता. मुंबईला गेल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. हातमोजे घातलेल्यांचं सोडून. तिनं उजव्या हातानं विभूती लावली, पदरात बांधून आणलेलं बेलाचं पान वाहिलं आणि दोघंही एकाच जागी बघत बसली.

बऱ्याच वेळानं ती हळू आवाजात बोलली. नजर मात्र हलवली नाही.

"तशीच येळ आली, तर हेच ठिवीन तुमच्या हातात."

"अन् तुज्या हातात?"

"तुमचं येनारच हाय की मुंबईवरनं," नीलम्मा म्हणाली. "माजी येळ येईस्तोवर."

तिनं हात काढून घेतला, लिंग कपाळाला लावून डबीत ठेवलं आणि डबी पदराआड गेली. चिठ्ठी तिनं चार घड्या करून आपल्या कनवटीला खोचली. मग डब्याचं झाकण काढून त्यांचं नाव घातलेलं ताट पुढे ओढलं आणि त्यात भाकरी, मेथीची भाजी वाढली. भाकरी एकाच्या मानानं जास्त होत्या.

"खावा. गार व्हाया लागलं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि पहिला घास घेतला. तो सरळ खाली गेला. नीलम्मानं त्याच ताटाच्या दुसऱ्या कडेनं तुकडा मोडला आणि ती जेवायला लागली.